जेफर्सनचा मूस आणि बॅनेकरचें पंचांग

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला म्हणजे बोस्टनच्या बंदरांत बुडविलेल्या चहाच्या पेट्या, फिलाडेल्फियाचा जाहीरनामा आणि जनरल वॉशिंग्टन एवढ्या गोष्टी आमच्याकडील शाळा शिकलेल्या कोणासहि आठवतात. त्याच इतिहासांत एका मेलेल्या जनावराचें प्रकरण आहे. तें शालेय पुस्तकांत सहसा येत नाहीं. आलेंच तर करमणुकीचा चुटका म्हणून येतें आणि वाचणारा हंसून पुढें जातो. आम्हांसहि तें प्रथम वाचतांना हंसूंच आलें. परंतु त्या जनावराच्या मागोमाग चालत गेलें असतां वाट ज्या ठिकाणीं जाऊन पोंचते, तें ठिकाण हंसण्यासारखें नाहीं. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सृष्टिशास्त्राच्या प्रांतांत कोंत द बुफाँ ह्या फ्रेंच पंडिताचा शब्द जवळजवळ अखेरचा मानला जात असे. पॅरिस येथील राजोद्यानाचा तो प्रमुख. १७४९ सालापासून त्याच्या 'नैसर्गिक इतिहास' ह्या प्रचंड ग्रंथाचे खंडामागून खंड बाहेर पडत होते, आणि ते विद्वानांप्रमाणेंच सामान्य शिकलेल्या लोकांतहि आवडीनें वाचले जात. ह्या ग्रंथांत बुफाँनें असा सिद्धांत मांडला कीं, अमेरिका खंडाची हवा थंड व दमट, जमीन दलदलीची, आणि म्हणून तेथील जीवसृष्टि खुजी. जीं जनावरें दोन्ही खंडांत आढळतात तीं अमेरिकेंत लहान. जीं केवळ अमेरिकेंतच आढळतात तींहि लहान. युरोपांतून नेलेलीं गुरें-मेंढरें पिढ्यांमागून पिढ्या तेथें खुरटत जातात. तेथें हत्ती नाहीं, गेंडा नाहीं, खरा सिंह नाहीं. जनावरांवर हा पंडित थांबला असता तरी एक वेळ चाललें असतें. पण त्यानें तेथील मूळच्या रहिवाशांनाहि त्याच मापानें मोजलें. ते दुर्बळ, दाढीमिशा नसलेले, स्त्रीविषयीं उदासीन आणि म्हणून कुटुंब व समाज ह्यांस पारखे, असा त्याचा निकाल. येथें एवढेंच सांगितलें पाहिजे कीं, बुफाँनें जन्मांत कधीं अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेविलें नव्हतें.

शिष्य गुरूच्या दोन पावलें पुढें जातात, तसेंच येथें झालें. कॉर्नेलियस द पाऊ नांवाच्या लेखकानें १७६८ सालीं बर्लिन येथें एक पुस्तक छापून अमेरिकेची यथेच्छ निंदा केली. तोहि तिकडे कधीं गेलेला नव्हता. पुढें १७७० सालीं आबे रेनाल ह्यानें दोन्ही इंडीजमधील युरोपीयांच्या व्यापाराचा इतिहास प्रसिद्ध केला. ह्या इतिहासाचे आरंभींचे भाग पूर्वेकडील, म्हणजे आमच्याच बाजूच्या, व्यापाराविषयीं आहेत. रेनालनें बुफाँचा सिद्धांत अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या गोऱ्या लोकांनाहि लागू केला: एवढ्या काळांत अमेरिकेनें एक चांगला कवि, एक गणिती, कोणत्याहि एका कलेंतला एक प्रतिभावान पुरुष निर्माण केलेला नाहीं, असें त्याचें म्हणणें.

हा सूर आमच्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं. मोंतेस्क्यू ह्यानें १७४८ सालींच हिंदुस्थानच्या उष्णतेवर येथील माणसांच्या शिथिलपणाचें खापर फोडलें होतें, आणि पुढें शंभर-दीडशें वर्षें इंग्रज लेखक तेंच खापर नव्यानें रंगवून आमच्यापुढें ठेवीत राहिले. हवामानाच्या नांवानें एखाद्या लोकसमूहाला हलकें ठरविण्यांत सोय अशी कीं, ठरविणाऱ्याकडे रागाचा किंवा स्वार्थाचा दोष येत नाहीं; जो कांहीं दोष तो थर्मामीटरचा.

नव्या राष्ट्राच्या दृष्टीनें मात्र ही पंडितांची चर्चा नव्हती. अमेरिकेस युरोपांतील सावकारांकडून कर्ज हवें होतें, व्यापाराचे तह हवे होते, नवे वसाहतकरी हवे होते. ज्या भूमींत बैल खुरटतो आणि माणूस दोन पिढ्यांत मंद होतो, असें विद्वानच सांगतात, तेथें पैसा कोण गुंतवील आणि बायकामुलें घेऊन कोण जाईल?

ह्यावर पहिलें उत्तर दिलें तें बेंजामिन फ्रँकलिननें, आणि तें त्याच्या स्वभावास शोभेसेंच होतें. पॅरिसजवळ पासी येथें त्याच्या घरीं एकदां मेजवानी होती. पाहुण्यांत निम्मे अमेरिकन, निम्मे फ्रेंच. त्यांत खुद्द आबे रेनाल. जेवतांना रेनालनें आपल्या आवडत्या विषयास हात घातला आणि अमेरिकेंतील माणसें व जनावरें कशीं खुजीं होत जातात ह्याचें रसभरित निरूपण सुरू केलें. फ्रँकलिननें इकडेतिकडे पाहिलें. योगायोगानें अमेरिकन मंडळी टेबलाच्या एका बाजूस व फ्रेंच मंडळी दुसऱ्या बाजूस बसलेली. तो म्हणाला, दोन्ही पक्षांनीं जरा उभें राहावें, म्हणजे कोणाच्या बाजूनें निसर्ग खुजा झाला तें समक्षच दिसेल. सारे उभे राहिले. अमेरिकन एकाहून एक उंच, आणि समोरचे सगळे ठेंगणे. रेनाल तर त्यांतहि अगदींच लहानखुरा. ही गोष्ट टॉमस जेफर्सनला फ्रँकलिनच्या तोंडून कळली आणि त्यानें ती पुढें १८१८ सालीं एका पत्रांत लिहून ठेविली.

जेफर्सन हा फ्रँकलिनसारखा विनोदावर भागविणारा गृहस्थ नव्हता. त्यास माप हवें, वजन हवें, साक्षीदार हवा. व्हर्जिनियाचा गव्हर्नर असतां १७८० सालीं फ्रेंच वकिलातींतील एका अधिकाऱ्यानें त्या संस्थानाविषयीं कांहीं प्रश्न विचारले. त्यांचीं उत्तरें लिहितां लिहितां 'व्हर्जिनियाविषयीं टिपणें' हा त्याचा एकुलता एक ग्रंथ तयार झाला. १७८५ सालीं पॅरिसमध्यें त्याच्या दोनशें प्रती लेखकाच्या नांवाशिवाय छापल्या गेल्या. ह्या ग्रंथांत बुफाँच्या सिद्धांताचा समाचार घेण्यासाठीं त्यानें कोष्टकें घातलीं: एका रकान्यांत युरोपांतील जनावर, शेजारीं अमेरिकेंतील. युरोपांतलें अस्वल १५३.७ पौंड, अमेरिकेंतलें ४१०. तिकडचा बीव्हर १८.५ पौंड, इकडचा ४५. जें जनावर खरोखरी तराजूंत घालून पाहिलें होतें त्याच्या आंकड्यास निराळी खूण. आणि कोष्टकाच्या अगदीं माथ्यावर मॅमथ! ओहायो नदीच्या खोऱ्यांत ह्या अजस्र प्राण्याचीं हाडें सांपडलीं होतीं. निसर्ग आपल्या कोणत्याहि जातीला नाहींशी होऊं देत नाहीं अशी जेफर्सनची श्रद्धा. तेव्हां हा प्राणीहि पश्चिमेकडील अरण्यांत कोठें तरी जिवंत असावा, असें त्यास मनापासून वाटे. मूळच्या रहिवाशांचीहि बाजू त्यानें ह्याच ग्रंथांत मांडली. त्यांच्यांत लेखनविद्या अजून पोंचलेली नाहीं. आल्प्सच्या उत्तरेकडील युरोपीयांतहि ती पोंचल्यावर पहिला न्यूटन निपजण्यास किती शतकें लागलीं, हें आठवा आणि मग त्यांच्या बुद्धीचा निवाडा करा, असा त्याचा युक्तिवाद. हा युक्तिवाद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

१७८४ सालीं जेफर्सन फ्रान्सला निघाला तेव्हां फिलाडेल्फियांतील एका टोपीवाल्याच्या दारावर टांगलेलें मोठें थोरलें पँथरचें कातडें त्याच्या नजरेस पडलें. बुफाँनें ह्या जनावराची दुसऱ्याशीं गल्लत केली होती. जेफर्सननें सोळा डॉलर मोजून तें जागच्या जागीं विकत घेतलें आणि समुद्रापार नेलें. बुफाँनें तें पाहून आपली चूक कबूल केली. परंतु मुख्य सिद्धांत सोडावयास तो तयार नव्हता. दोघांची भेट झाली तेव्हां वाद घालण्याऐवजीं म्हाताऱ्यानें कपाटांतून आपला नवा खंड काढून जेफर्सनच्या हातीं दिला. हा वाचला म्हणजे आपली खात्री पटेल, एवढेंच म्हणाला. त्यावर जेफर्सननें सांगितलें कीं, आमच्याकडे मूस म्हणून जें हरिण आहे, त्याच्या पोटाखालून तुमचें रेनडियर सहज चालत जाईल. (हा मूस सोनाराच्या मुशीहून अर्थातच वेगळा, उत्तरेकडील अरण्यांत राहणारें, रुंद फावड्यासारख्या शिंगांचें हें जगांतील सर्वांत मोठें हरिण होय.) बुफाँचा त्यावर मुळींच विश्वास बसला नाहीं.

मग मूस आणणें प्राप्तच झालें. मूसविषयीं सोळा प्रश्नांची एक यादी जेफर्सननें पूर्वींच न्यू इंग्लंडमधील जाणत्या लोकांकडे धाडली होती. त्याची उंची किती, तो धांवतांना खुरांचा खडखडाट होतो काय, असे ते प्रश्न. आतां १७८६ च्या जानेवारींत त्यानें न्यू हॅम्पशायरचे जनरल जॉन सलिव्हन ह्यांस लिहिलें कीं, कातडें, सांगाडा व शिंगें मिळून एक सबंध मूस पाठवा. सलिव्हन जुना लढवय्या. त्यानें ही कामगिरी मोहिमेसारखी पार पाडली. १७८७ च्या मार्चमध्यें व्हर्माँटच्या अरण्यांत एक मूस मारला गेला. तो बाहेर आणण्यास माणसांना बर्फांतून सुमारें वीस मैल वाट करावी लागली. घरीं पोंचेपर्यंत मांस कुजूं लागलें होतें. डोक्याचें कातडें नीट टिकलें, पण शिंगें जागेवर राहिलीं नाहींत. तेव्हां सलिव्हननें दुसऱ्या एका मूसचीं शिंगें सोबत दिलीं आणि निर्मळ मनानें कळविलें कीं, हीं त्याच जनावराचीं नव्हेत, परंतु वाटल्यास बसवितां येतील! खर्चाचें बिल सुमारें पंचेचाळीस गिनी झालें. तें पाहून जेफर्सनचा चेहरा कसा झाला असेल त्याची कल्पना करावी. पैसे मात्र त्यानें चुकते केले.

१७८७ च्या शरदांत ती पेटी पॅरिसला पोंचली. १ ऑक्टोबरच्या पत्रानें जेफर्सननें ती बुफाँकडे रवाना केली. सुमारें सात फूट उंचीचें जनावर, पण अंगावरचे केंस झडत चाललेले, आणि सोबत जीं इतर हरणांचीं शिंगें आलीं होतीं त्यांतील कांहीं इतकीं लहान कीं, ह्यांवरून आमच्या देशाची पारख करूं नये, अशी विनंति पत्रांत करावी लागली. देशाची अब्रू राखण्यास आलेला हा वकील असा टक्कल पडलेला व उसन्या शिंगांचा होता. तरी त्यानें काम केलें. पुढच्या खंडांत मी दुरुस्ती करीन, असें बुफाँनें मान्य केलें, असें जेफर्सन म्हातारपणीं सांगत असे. परंतु बुफाँ तेव्हां आजारी होता. १६ एप्रिल १७८८ रोजीं तो वारला, आणि तो दुरुस्तीचा खंड कधींच निघाला नाहीं.

ह्या वादाची धग मायदेशीं मात्र पुष्कळ वर्षें राहिली. १७९७ च्या मार्चमध्यें जेफर्सन उपाध्यक्ष झाला, आणि शपथ घेतल्यावर आठवड्याच्या आंतच फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेंत त्याचा एक निबंध सादर झाला. विषय, व्हर्जिनियांत सांपडलेला एका राक्षसी प्राण्याचा पंजा. तो त्यास सिंहाचा वाटला. पुढें तो एका अवाढव्य स्लॉथचा, म्हणजे झाडांवर लोंबकळत राहणाऱ्या आळशी प्राण्याच्या नामशेष भाऊबंदाचा, ठरला. १८०१ सालीं चार्ल्स विल्सन पील ह्या चित्रकारानें न्यूयॉर्क संस्थानांत न्यूबर्गजवळ एका दलदलींतून मॅमथचीं म्हणून हाडें काढलीं (शास्त्रज्ञ त्या प्राण्यास आज मॅस्टोडॉन म्हणतात) आणि फिलाडेल्फियांतील आपल्या पदार्थसंग्रहालयांत सांगाडा उभा केला. तीं हाडें जुळविण्यांत पीलच्या घरांतच गुलाम म्हणून जन्मलेल्या मोझेस विल्यम्स ह्याचा हात होता. दुसऱ्या वर्षीं पीलच्या मुलानें त्या सांगाड्याखालीं टेबल मांडून तेरा जणांस मेजवानी दिली!

देशाला मॅमथचें वेडच लागलें. त्या वेडाचा कळस म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गांवचें चीज. जेफर्सन अध्यक्ष झाला ह्याचा त्या गांवच्या बॅप्टिस्ट शेतकऱ्यांस फार आनंद झाला होता. कारण धर्माच्या बाबतींत सरकारनें हात घालूं नये ह्या मताचा तो मोठा कैवारी. त्यांचे धर्मोपदेशक जॉन लेलंड ह्यांच्या पुढाकारानें गांवांतील गाईंचें दूध एकत्र करून १८०१ च्या उन्हाळ्यांत एकच एक चीज घालण्यांत आलें. विरोधी पक्षाच्या गाईंचें दूध त्यांत घेतलें नाहीं, असें सांगतात. गाईंचे पक्ष कसे ओळखले तें लेलंडच जाणे. त्याचें वजन १२३५ पौंड भरलें. विरोधकांनीं कुचेष्टेनें त्यास 'मॅमथ चीज' म्हटलें, आणि तेंच नांव रूढ झालें. १ जानेवारी १८०२ रोजीं तें वॉशिंग्टन येथें अध्यक्षांस अर्पण झालें. भेट फुकट घ्यावयाची नाहीं म्हणून जेफर्सननें दोनशें डॉलर दिले. अर्पणपत्रांत चेशायरकरांनीं अभिमानानें एक गोष्ट नमूद केली होती: हें चीज स्वतंत्र शेतकऱ्यांनीं व त्यांच्या बायकामुलींनीं आपल्या खुशीनें केलें, ह्यास एकाहि गुलामाचा हात लागलेला नाहीं.

ज्या गृहस्थास हें अर्पणपत्र वाचून दाखविलें, त्याच्या मालकीचे आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक गुलाम झाले. पॅरिसला मूसची पेटी आली तेव्हां त्याच्या स्वयंपाकघरांत जेम्स हेमिंग्ज हा गुलाम फ्रेंच पाककला शिकून चुलीपाशीं उभा होता. त्यास १७९६ सालीं सुटका मिळाली, तीहि आपली विद्या भावास शिकविल्यानंतर.

आणि आतां पुन्हां त्या 'टिपणां'कडे वळूं. ज्या ग्रंथांत अस्वलें आणि बीव्हर तराजूंत घातले आहेत, त्याच ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणांत जेफर्सन आफ्रिकन वंशाच्या लोकांविषयीं लिहितो. स्मरणशक्तींत ते गोऱ्यांच्या बरोबरीचे, पण विचारशक्तींत पुष्कळ कमी आणि कल्पनाशक्तींत मंद, असें त्यास वाटतें. एवढा मोठा निष्कर्ष काढण्यास पुष्कळ निरीक्षणें हवीं, एका सबंध मानवजातीस सृष्टीच्या पायरीवरून खालीं उतरविणें हें जोखमीचें काम आहे, हें तो स्वतःच बोलून दाखवितो. आणि तरी शरीर व बुद्धि दोन्हींत ते हीन असावेत असा आपला संशय तो लिहून ठेवितो. येथें कोष्टक नाहीं, तराजू नाहीं, सोळा प्रश्नांची यादी नाहीं. मूळच्या रहिवाशांसाठीं त्यानें लेखनविद्येच्या अभावाची सबब पुढें केली होती. गुलामांस ती विद्या कोणी शिकविली नव्हती, हें व्हर्जिनियाच्या जमीनदारास बाहेरून कळावयाचें नव्हतें. तरी त्यांना ती सबब पुरेशी मिळाली नाहीं.

रेनालनें अमेरिकेंत कवि नाहीं म्हटलें तेव्हां जेफर्सन चिडला होता. पण १७७३ सालीं लंडनमध्यें एका अमेरिकन कवयित्रीचा संग्रह निघाला होता. तिचें नांव फिलिस व्हीटली. लहानपणीं आफ्रिकेंतून पकडून आणलेली, बोस्टनमधील एका कुटुंबाची गुलाम. 'टिपणां'मध्यें जेफर्सन तिचें नांव घेतो तें ती कवि म्हणण्याच्या लायकीची नाहीं एवढेंच सांगण्यापुरतें. फ्रेंच पंडिताच्या तोंडावर फेकण्यास हातीं आलेला दाखला त्यानें आपण होऊन टाकून दिला.

ह्या संशयास उत्तर देणारा माणूस मेरीलंडांत तंबाखूचें शेत करीत होता. बेंजामिन बॅनेकर १७३१ सालीं जन्मला. बाप सुटका झालेला गुलाम, स्वतः जन्मतः स्वतंत्र. बाविशीच्या सुमारास त्यानें लांकडाचीं चाकें कोरून एक घड्याळ बनविलें, आणि तें कित्येक वर्षें चाललें. पन्नाशी उलटल्यावर एलिकट नांवाच्या शेजारच्या कुटुंबाकडून त्यास ज्योतिषाचे ग्रंथ व दुर्बीण मिळाली. गुरूशिवाय अभ्यास करून तो ग्रहणें वर्तवूं लागला. १७९१ सालीं नव्या राजधानीच्या जागेची मोजणी झाली तींतहि त्यानें काम केलें. त्याच वर्षीं १७९२ सालचें पंचांग गणित करून त्यानें तयार केलें आणि आपल्या हातचीच नक्कल १९ ऑगस्ट रोजीं परराष्ट्रमंत्री जेफर्सन ह्यांच्याकडे पाठविली. सोबतचें पत्र लांबलचक आहे आणि अदबीनें लिहिलें आहे. पण त्यांत भीड नाहीं. इंग्रजांच्या जुलमाखालीं तुम्हीच कसे कळवळलां तें आठवा, मनुष्यमात्राच्या समानतेविषयीं तुम्हीच काय लिहिलें तें आठवा, आणि माझ्या बांधवांस बळानें व कपटानें दास्यांत ठेवून त्याच गुन्ह्याचे धनी तुम्ही होत आहां हें पाहा, असा त्याचा आशय. आमच्याकडे जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस त्यांच्या गुलाममुक्तीच्या कार्याबद्दल अर्पण केला. त्या कार्याची जी लांब वाट होती, तिच्या आरंभींच्या मजलांत हें पत्र मोडतें.

जेफर्सनचें उत्तर अकराव्या दिवशीं निघालें. काळ्या लोकांस निसर्गानें आपल्यासारखीच बुद्धि दिली आहे ह्याचा पुरावा पाहण्याची माझ्याइतकी इच्छा कोणास नसेल, असें त्यांत होतें. आणि तें पंचांग पॅरिसच्या विज्ञानसभेचे चिटणीस कोंदोर्से ह्यांच्याकडे पाठवीत असल्याचेंहि होतें. तें त्यानें खरोखरच पाठविलें. चार वर्षांपूर्वीं ज्या शहरीं मूसची पेटी साक्षीस गेली होती, त्याच शहरीं आतां हें पंचांग साक्षीस निघालें. पण फ्रान्समध्यें तेव्हां राज्यक्रांतीची वावटळ उठली होती, आणि १७९४ सालीं कोंदोर्सेच तुरुंगांत मेला. जेफर्सननें 'टिपणां'तील तें प्रकरण पुढें कधीं दुरुस्त केलें नाहीं. बुफाँच्या आड मरण आलें होतें. ह्याला त्यानंतर पस्तीस वर्षें मिळालीं होतीं. उलट १८०९ सालीं एका मित्रास लिहितांना, बॅनेकरच्या गणितास एलिकटची मदत असावी असा संशय त्यानें व्यक्त केला, आणि ज्या पत्रास पूर्वीं आदरानें उत्तर दिलें होतें त्यावरून तो मनुष्य अगदीं सामान्य बुद्धीचा दिसतो, असेंहि म्हटलें.

हें ऐकण्यास बॅनेकर नव्हता. १८०६ च्या ऑक्टोबरांत तो वारला होता, आणि त्यास मूठमाती देत असतांनाच त्याच्या घरास आग लागून तें लांकडी घड्याळ व होतें नव्हतें तें सर्व जळून गेलें. मात्र त्याची एक वही वांचली; कारण त्याच्या सांगण्यावरून ती कांहीं पुस्तकांसह एलिकटांकडे आधींच पोंचविण्यांत आली होती. ती आजहि मेरीलंडच्या इतिहाससंग्रहांत आहे. तींत ग्रहांचें गणित त्याच्याच हातचें आहे. आणि मधल्या एका पानावर शेतकऱ्याच्या नजरेनें केलेली एक नोंद आहे. कर्कश ओरडणाऱ्या किड्यांची मोठी झुंड आपण प्रथम १७४९ सालीं पाहिली, मग १७६६ सालीं, मग १७८३ सालीं. म्हणजे ते दर सतरा वर्षांनीं जमिनींतून वर येतात, आणि १८०० सालीं पुन्हां यावेत.